दुसऱ्या कपाचे काय होते?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे. आपले वडील तीन वर्षे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून होते आणि चौदा महिन्यांपूर्वी गेले. आपल्या आई ६८ वर्षांच्या असून सांगलीच्या घरात एकट्या राहतात. रोज दुपारी चार वाजता त्या दोन कप चहा करतात, एक कप वडिलांच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवतात आणि दिवसभरात काय झाले ते खुर्चीला सांगतात. वर्षश्राद्ध झाले तरी कपाटातील कपडे हललेले नाहीत. वडिलांना घरातून नेले त्या दिवशीही त्या रडल्या नव्हत्या. जर्मनीतील आपल्या भावाने शोकाच्या पाच टप्प्यांविषयी वाचले असून, आई पहिल्याच टप्प्यात, म्हणजे नकारात, अडकली आहे आणि तिला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे. तेव्हा न्यावे की नाही, आणि आई यातून बाहेर यायला अजून किती दिवस लागतील, असे आपण विचारले आहे.

परंतु आपल्या लिहिण्यात आणखी दोन वाक्ये आहेत आणि माझे लक्ष त्यांच्यावरच खिळले. एक आपण कंसात टाकले आहे : दहाव्याला कृष्णेच्या घाटावर तासभर कावळा शिवला नाही आणि भावाने हात जोडून “आईला मी माझ्याकडे नेतो, तिला एकटी ठेवणार नाही,” असे म्हटल्यावर शिवला. दुसरे अगदी शेवटी आहे : “मला तर या सगळ्यात रडायलाही वेळ मिळाला नाही.” ही दोन वाक्ये वाचल्यावर मला प्रश्न थोडा निराळा दिसू लागला. एक माणूस गेला आणि तीन माणसे तीन प्रकारे त्या मृत्यूशी झगडत आहेत. तिघांपैकी जिचा शोक डोळ्यांना दिसतो, तिलाच रुग्ण ठरवण्यात आले आहे.

मी डॉक्टर नाही. पुणे आणि परिसरात पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बरे न होणाऱ्या आजारात रुग्णाला आराम देणाऱ्या शुश्रूषेच्या, पथकांबरोबर समुपदेशक म्हणून मी गेली बावीस वर्षे घरोघरी जाते. माणूस जाण्यापूर्वीचे काही महिने आणि गेल्यानंतरचे वर्षभर, एवढा माझ्या कामाचा पट्टा. आपल्या आईंना मी पाहिलेले नाही, त्यामुळे पुढे जे लिहीत आहे त्यातील काही भाग अंदाजाचा राहील, आणि तो कुठे कुठे आहे हे मी सांगत जाईन.

आधी त्या पाच टप्प्यांचे बघू, कारण त्यांनी घरोघरी बराच गोंधळ घातला आहे. एलिझाबेथ क्युबलर-रॉस या मूळच्या स्विस मानसोपचारतज्ज्ञ अमेरिकेत काम करीत होत्या. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार हे टप्पे आले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी केलेल्या संभाषणांतून. म्हणजे स्वतःच्या मृत्यूची वार्ता ऐकलेल्या माणसाविषयीचे ते निरीक्षण होते. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले, आणि तेही जणू शाळेच्या इयत्ता असाव्यात व पहिलीत नापास झाले की दुसरीत बसता येत नसावे, अशा थाटात. मी गेले त्या घरांपैकी एकाही घरात शोक असा रांगेने आलेला पाहिलेला नाही. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी जे चित्र मांडले ते मला माझ्या कामाशी अधिक जुळणारे वाटते. त्यांच्या मते माणूस दोन बाजूंमध्ये हेलकावे खात असतो. एका बाजूला गेलेल्या माणसाची ओढ आणि दुसऱ्या बाजूला उरलेल्या जगण्याची व्यवस्था. सकाळी विजेच्या बिलावरचे नाव बदलायला कचेरीत हुज्जत घालणारी बाई दुपारी चष्म्याचे रिकामे घर हाती लागले म्हणून जमिनीवर बसकण मारते, आणि संध्याकाळी पुन्हा भाजी निवडायला घेते. हा हेलकावा चालू असणे ही चांगली खूण आहे. काळजी वाटावी ती लंबक एका टोकाला अडकून बसला तर.

खरा नकार कसा असतो हे राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजहंस माझा निजला’ या कवितेत दिसते. मेलेल्या बाळाला कवटाळून बसलेली ती नवविधवा आई बाळ निजले आहे असेच म्हणत राहते. तिच्या लेखी मरण तेथे आलेलेच नाही. आपल्या आईंची गोष्ट तशी आहे काय? आपणच लिहिता की कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मृत्यूचा दाखला घेऊन त्या स्वतः बँकेत गेल्या आणि नोव्हेंबरात स्वतःच्या हयातीचा दाखलाही त्यांनीच जाऊन दिला. नवऱ्याच्या मृत्यूचा आणि स्वतःच्या जिवंतपणाचा, असे दोन्ही दाखले एकाच खिडकीवर देऊन आलेली बाई नकारात आहे, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मी सांगलीला गेले असते तर आईंना एकच गोष्ट विचारली असती, आणि तीही चहा पिता पिता : “काकू, दुसऱ्या कपाचे पुढे काय होते?”

हा प्रश्न मला एका निवृत्त एस.टी. वाहकांनी शिकवला. जुन्नरच्या बाजूला राहणारे हे गृहस्थ पत्नी गेल्यावर वर्षभर जेवताना दोन ताटे वाढून घेत. मुलगा घाबरला आणि त्याने आमच्या पथकाला कळवले. मी गेले तेव्हा त्यांनी माझ्यासमोरच दोन्ही ताटे वाढली, आपले जेवण संपवले, दुसरे ताट उचलून अंगणात नेले आणि फाटकाशी वाट पाहत बसलेल्या कुत्र्यापुढे ठेवले. ठेवताना म्हणाले, “आज मीठ कमी आहे, तिला असंच लागतं.” मग ताट घासले, पालथे घातले आणि मला बाजारातील टोमॅटोच्या भावाविषयी सरकारला शिव्या देत बसस्टॉपपर्यंत पोचवायला आले. झोप ठीक होती, देवळातल्या हरिपाठाला ते जात होते, अंगावर वजन होते. मी तीनदा गेले आणि नंतर जाणे थांबवले. दुसरे ताट रोज भरत होते आणि रोज रिकामेही होत होते.

याउलट पिंपरीतील एका घरी फ्रिज उघडून दाखवला गेला तेव्हा आत लहान लहान डबे रचून ठेवलेले होते, प्रत्येकावर तारीख लिहिलेली. त्या बाई रोज नवऱ्याच्या वाटणीचे काढून ठेवत, कुणालाही हात लावू देत नसत, आणि “त्यांचे अजून व्हायचे आहे” म्हणून स्वतःही नीट जेवत नसत. साडेसहा महिन्यांत त्यांचे वजन अकरा किलो उतरले होते. गंमत अशी, गंमत म्हणवत नाही पण शब्द सुचत नाही, की आल्यागेल्याशी त्या हसून बोलत, घर लख्ख ठेवत, आणि त्यामुळे पहिल्या भेटीत मीही फसले. फ्रिज मी तिसऱ्या भेटीत पाहिला. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांची गरज होती, औषधांची होती, आणि दोन्ही मिळाल्यावर त्या हळूहळू सावरल्या.

तिसरी शक्यता आपल्या आईंच्या वयात विसरून चालत नाही. कप ठेवून त्या जर “आज यांना यायला उशीर का झाला?” असे विचारत असतील, फाटकापर्यंत जाऊन परत येत असतील, तोच प्रश्न तासाभरात तीनदा करीत असतील, गॅस चालू राहत असेल किंवा सुट्या पैशांचा हिशेब चुकू लागला असेल, तर तो शोकाचा विषय नाही, स्मृतीचा आहे. त्यासाठी आधी आपल्या नेहमीच्या फिजिशियनकडे जाऊन थायरॉइड व बी-१२ची तपासणी करून घ्यावी आणि ते सांगतील तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे. आपल्या वर्णनावरून मला तसे वाटत नाही. परंतु हा माझा अंदाज आहे आणि तो आपण घरी चार दिवस राहूनच पडताळता येईल.

आता बोलण्याविषयी. गेलेल्या माणसाशी बोलणे ऐकून मुले दचकतात, हे मी नेहमी पाहते. १९७१ मध्ये डेवी रीस नावाच्या वेल्समधील एका डॉक्टरांनी आपल्या भागातील २९३ विधवा-विधुरांशी बोलून एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील जवळजवळ निम्म्यांना जोडीदाराचे अस्तित्व कोणत्या ना कोणत्या स्वरूपात जाणवत होते; कुणाला तो घरात असल्यासारखा वाटे, कुणाला दिसे, कुणाला ऐकू येई, आणि दहांतील एकाहून थोडे अधिक जण त्याच्याशी बोलत. बऱ्याच जणांना त्याचा आधार वाटत होता. मला यातील सर्वांत बोलका आकडा वेगळाच वाटतो : ज्यांना असा अनुभव आला होता त्यांपैकी एक तृतीयांशांनीसुद्धा तो कुणापाशी उघड केलेला नव्हता. आपल्या आई आपल्यासमोर खुर्चीशी बोलतात, यातून त्यांचा आपल्यावर विश्वास आहे एवढे तरी समजते.

तसे पाहिले तर आपल्याकडे हे नवीन नाही. भाद्रपदात पितृपक्ष आला की आपण गेलेल्यांच्या तिथीला त्यांच्या आवडीचे रांधतो, वाढतो, बोलावतो आणि पान कावळ्याला ठेवतो. वर्षातून एकदा वाढलेल्या पानाला धर्म म्हणायचे आणि रोज ठेवलेल्या कपाला आजार, हे गणित मला कधी सुटलेले नाही. पाश्चात्त्य मानसशास्त्रात मात्र दीर्घ काळ असे मानले जाई की मृताकडे लागलेले मन सोडवून घेणे हेच शोकाचे काम. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १९१७च्या निबंधात साधारण हेच मांडले. पुढे १९२०च्या जानेवारीत त्यांची मुलगी सोफी इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली. ती असती तर ३६ वर्षांची झाली असती त्या दिवशी, १९२९ साली, मुलगा गमावलेल्या आपल्या मित्राला, लुडविग बिन्सवांगर यांना, त्यांनी पत्र लिहिले. त्याचा आशय असा की तीव्र दुःख ओसरते, पण रिकामी झालेली जागा कशानेही भरली तरी ते काही वेगळेच असते, आणि तसेच असावे, कारण जे प्रेम सोडायचे नाही ते टिकवण्याचा तोच एक मार्ग आहे. निबंध लिहिणारे फ्रॉइड आणि पत्र लिहिणारे फ्रॉइड यांत मी पत्रवाल्यांचे ऐकते. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी संपादित केलेल्या ग्रंथापासून अभ्यासकही नाते तुटत नाही, रूप बदलते, असे मोकळेपणाने म्हणू लागले आहेत.

आई रडल्या का नाहीत, याचे मला सुचणारे उत्तर त्या तीन वर्षांत आहे. अर्धांगवायू झालेल्या माणसाची शुश्रूषा ज्यांनी केली आहे त्यांना दिवस कसा कापला जातो ते ठाऊक असते. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, पाठ पुसून पावडर लावायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, आणि चहासुद्धा घशात अडकून ठसका लागू नये म्हणून उशांना टेकवून, हनुवटी खाली करून, चमच्या-चमच्याने द्यायचा. एक कप चहाला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात दुसरे काही करता येत नाही, म्हणून माणसे बोलतात. मी पैज लावून सांगत नाही, पण दुपारी चारची ती वेळ तीन वर्षांत घडलेली असावी, असा माझा दाट संशय आहे. अशा घरांत पुष्कळसे रडणे माणूस जाण्याआधीच होऊन गेलेले असते, ते रात्री, स्वयंपाकघरात, नळ सोडून. मृत्यूच्या दिवशी त्या बाईच्या चेहऱ्यावर जे दिसते ते बहुतेक वेळा दमणूक असते आणि थोडी सुटकाही असते. त्या सुटकेची लाज इतकी वाटते की पुढे वर्षभर ती कुणाला सांगता येत नाही. शिवाय नवऱ्याबरोबर तिचे कामही गेलेले असते. ज्याच्या औषधांच्या वेळांवर घड्याळ चालत होते तो नाही, आणि घड्याळ मात्र चालूच आहे.

मग तज्ज्ञांकडे कधी जावे? केवळ महिने मोजून हे ठरत नाही, तरी महिन्यांना काहीच अर्थ नाही असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात आणि त्याच वर्षीच्या अमेरिकन मानसोपचार नियमावलीत ‘दीर्घकाळ रेंगाळलेला शोक’ या विकाराला स्थान मिळाले आहे. पहिल्यात किमान सहा महिन्यांची आणि दुसऱ्यात प्रौढांसाठी बारा महिन्यांची अट आहे. चौदा महिने हा आकडा दोन्ही अटींच्या पुढे जातो, आणि आपले भाऊ कदाचित त्यामुळेच धास्तावले असतील. परंतु ती अट नुसती काळाची नाही. गेलेल्याची अनावर ओढ जवळजवळ रोज, दिवसभर व्यापून असणे, त्याच्याबरोबर आपणही संपलो असे वाटणे, त्याच्या आठवणीची प्रत्येक जागा टाळणे, भावना बधिर होणे, जगण्यात काही उरले नाही असे वाटणे, अशा गोष्टींनी रोजचे व्यवहार मोडून पडले पाहिजेत, आणि हे सारे त्या समाजाच्या रीतीभातीपलीकडचे असले पाहिजे. स्वाभाविक कारणांनी झालेल्या मृत्यूनंतर प्रौढांमध्ये हे साधारण दहांतील एकाच्या बाबतीत आढळते, म्हणजे फार नाही, पण दुर्लक्ष करण्याइतके थोडेही नाही. खुर्चीशी वीस मिनिटे बोलून उठणारी आणि भाजीवाल्याशी भाव करणारी बाई मला या वर्णनात बसताना दिसत नाही.

एक धोका मात्र बाहेरून अजिबात दिसत नाही, आणि तो मी कालिदासाकडून शिकले. ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गात राणी इंदुमती गेल्यावर अज राजाला वसिष्ठ शिष्याकरवी बोध पाठवतात, मरण ही देहधाऱ्यांची प्रकृती आणि जगणे हीच विकृती, हे प्रसिद्ध वचन त्याच बोधातले. अज आदराने ‘बरे’ म्हणतो आणि मुनीला निरोप देतो. कवी म्हणतो, शोकाने भरलेल्या त्या मनात उपदेशाला पाय ठेवायला जागाच मिळाली नाही, तो जणू आला तसा गुरूकडे परत गेला. सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकाने हा श्लोक वाचून मग दारात पाऊल टाकावे, असे मला फार वाटते. पण पुढचे अधिक महत्त्वाचे आहे. मुलगा दशरथ लहान होता म्हणून अज आठ वर्षे राज्य करतो, इंदुमतीसारखी दिसणारी चित्रे पाहत आणि स्वप्नांतल्या क्षणभर भेटींवर. चित्रे आणि स्वप्ने यांत काळजीचे काही नव्हते. मुलगा हाताशी आल्यावर त्याने अन्न सोडले आणि गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवला, हे काळजीचे. सगळी कर्तव्ये नीट पार पडत होती ती एका ठरलेल्या तारखेपर्यंत.

त्यामुळे कर्तव्ये नीट चालली आहेत एवढ्यावर मी थांबत नाही, विचारते. आपल्याकडे म्हातारी माणसे “आता देवानं उचलावं” असे चहाच्या घोटाबरोबर म्हणतात आणि संध्याकाळी गुडघ्याच्या तेलाची बाटली संपली म्हणून मुलाला फोनही करतात. त्या वाक्याने लगेच हबकू नये. मात्र औषधाच्या गोळ्या साठवून ठेवणे, दागिने वाटून टाकण्याची घाई, रक्तदाबाची गोळी मुद्दाम बंद करणे, “तुमचं सगळं मार्गी लागलं, आता माझं काही काम नाही,” असे शांतपणे सांगणे, यांपैकी काही दिसले तर सरळ शब्दांत विचारावे : “आई, जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, असलीच तर तिला बाहेर यायला वाट मिळते. उत्तर होय असेल तर आईंना त्या दिवसापुरते एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावे. शासनाच्या मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते.

इथवरचे सार एवढेच की कपाकडे न पाहता उरलेल्या दिवसाकडे पाहावे : झोप, भूक, वजन, औषधे, शेजारपाजार, आणि जगण्याची इच्छा. ते ठीक असेल तर आईंना दवाखान्यात न्यायची घाई नको. त्यांना स्वतःला कुणाशी बोलावेसे वाटत असेल तर गोष्ट निराळी; मग समुपदेशकाकडे अवश्य न्यावे, पण ‘तुझे काहीतरी बिघडले आहे’ असे सांगून नव्हे.

कपड्यांविषयी मी जरा लांबण लावणार आहे, कारण येथे माझ्या हातून चूक झालेली आहे. कामाला लागून दोनेक वर्षे झाली होती आणि पुस्तके वाचून माझी मते फार पक्की होती. एका घरी सुनेने विचारले की सासऱ्यांच्या कपड्यांचे काय करावे, आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की समोरून हलवलेले बरे, म्हणजे सासूबाई लवकर सावरतील. सुनेने सासूबाई देवळात गेल्या असताना सगळे गाठोडे बोहारणीला दिले आणि त्याबदल्यात स्टीलचा एक मोठा डबा घेतला. तिच्या मनात काहीही वाईट नव्हते. जुने कपडे असेच जातात. पण तो डबा स्वयंपाकघरातील मांडणीवर राहिला. वर्षभराने मी त्या घरी गेले तेव्हाही तो रिकामाच होता, कारण सासूबाई त्यात काही भरू देत नव्हत्या, आणि उचलून कुणाला देऊही देत नव्हत्या. मला म्हणाल्या, “धोतर नेसून फडताळात उभे आहेत ते.” तेव्हापासून कपड्यांविषयी मी एवढेच सांगते की कपाट ज्यांचे आहे त्यांनीच ते उघडावे. आपण फार तर दिवाळीच्या आवराआवरीत शेजारी बसून “यातला एखादा शर्ट मला हवा होता,” असे म्हणू शकता. पुष्कळ वेळा तेवढ्यानेच पहिली घडी निघते. न निघाली तर कपाट बंद करावे.

आता घाटावरच्या त्या वचनाकडे येते. दहाव्याच्या घाटावर मी अनेकदा उभी राहिले आहे. पिंड मांडलेले असतात, गुरुजी घड्याळाकडे पाहतात, आणि घरातील एकेक जण पुढे होऊन हात जोडतो : धाकटीचे लग्न आम्ही करू, शेत विकणार नाही, आईला अंतर देणार नाही. बापासमोर जे आयुष्यभर बोलता आले नाही ते पिंडासमोर बोलले जाते, आणि सगळ्या गावासमोर. आपले भाऊ अंत्यविधीला पोहोचू शकले नव्हते, तिसऱ्या दिवशी अस्थी सावडायला आले, असे आपण लिहिले आहे. अशा मुलाला तासभर कावळा ताटकळत ठेवतो तेव्हा त्याच्या मनात काय चालले असेल याची कल्पना करा. त्यांनी जे वचन दिले ते आई सांगली सोडायला तयार नसल्याने गेले वर्षभर फिटलेले नाही. आईला उपचार हवेत हा त्यांचा आग्रह मला त्या न फिटलेल्या वचनाचाच एक हप्ता वाटतो. हा माझा तर्क आहे. चुकीचा असू शकतो. पण फोनवर टप्पे आणि तज्ज्ञ यांवर वाद घालण्यापेक्षा “दहाव्याला तू जे बोललास ते तुला अजून टोचतं का?” असे आपण एकदा विचारून पाहावे.

आणि त्यांना हेही सांगावे की वचनाचे दोन भाग होते. आईला आपल्याकडे नेणे हा एक, तिला एकटी न ठेवणे हा दुसरा, आणि वडिलांना दुसऱ्याशी मतलब असणार. जर्मनीत हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो, शेजारणीची भाषा कळत नाही, आणि त्या खुर्चीला विमानाचे तिकीट काढता येत नाही. उलट रोज सांगलीत चार वाजता, म्हणजे त्यांच्याकडे बाराच्या सुमारास, व्हिडिओ कॉल लावून चहाचा कप समोर ठेवणे त्यांना सहज जमेल. कावळा न आल्यास दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवण्याची सोय जुन्या लोकांनी करून ठेवली आहे, ती उगाच नाही. पक्ष्याच्या मर्जीवर घर टांगून ठेवायचे नाही, एवढे त्यांनाही कळत होते.

राहिला आपला प्रश्न, जो आपण विचारलेलाच नाही. रुग्णालयाचे बिल, मृत्यूचा दाखला, गुरुजी, तेराव्याचा स्वयंपाक, वारसनोंद, भावाला फोन, आईला फोन, आणि नाशिकचे आपले घर व नोकरी, हे सगळे आपण केले. तेरावा असो, चाळिसावा असो की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, तो आटोपला की माणसे पांगतात आणि कामे करणाऱ्याच्या हातात पिशव्या तेवढ्या उरतात. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली तेव्हाचे निवृत्तिनाथांचे दुःख सांगताना नामदेवांच्या अभंगात पेंढीचा आळा सुटून गवत रानोमाळ पांगावे, अशी प्रतिमा आहे. एक माणूस गेला एवढेच त्यात नाही. ज्याने बाकीच्यांना बांधून ठेवले होते तो बंध सुटला, असे ते दुःख आहे. आपण गेले चौदा महिने त्या पेंढीला स्वतःचा हात आळ्यासारखा लावून धरला आहे. हात दुखणारच. आईंच्या शोकाची तारीख आपण मला विचारलीत, त्यामागे ‘मी कधी मोकळी होणार’ असा प्रश्न असेल, तर तो विचारण्यात काही गैर नाही.

आपण रडलेच पाहिजे असे माझे म्हणणे नाही. मी एवढेच सुचवीन की पुढच्या वेळी सांगलीला जाल तेव्हा कागदपत्रांची पिशवी नेऊ नये, दोन दिवसांऐवजी चार दिवस राहावे, आणि चार वाजता स्वयंपाकघरात जाऊन आईंना म्हणावे, “आज तीन कप कर.” त्या खुर्चीशी बोलू लागल्या तर उठून जाऊ नये. वडिलांविषयी त्यांना एखादी गोष्ट विचारावी, आजारपणाच्या आधीची, आपल्या जन्माच्याही आधीची चालेल. मी घरोघरी हे करायला लावले आहे आणि बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी काहीही घडत नाही. माणसे पावसाविषयी बोलतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधीतरी कुणाचा तरी आवाज बदलतो, आणि तो आईचाच असेल असे नाही.

आईंची झोप कशी आहे, वर्षभरात त्यांचे वजन उतरले आहे का, आणि रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत का, याविषयी आपण काही लिहिलेले नाही. ते आणि त्या कपातील चहा शेवटी कुठे जातो, एवढे पाहून कळवले तर मला यापुढचे अधिक नेमके सांगता येईल.